नाव सांग, सरदारा

"हे आत चालणार नाही," असं म्हणत पिवळ्या जाकिटातल्या त्या माणसाने आबांच्या पिशवीतून उसाच्या पाचटाची जुडी उपसली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात कोंबली.

"अहो, काय करताय?"

"ज्वलनशील पदार्थ आहे, मॅडम."

"ज्वलनशीलच असणार! जाळायलाच आणलंय ते. हलगी शेकायची आहे."

"मैदानात कुठंही जाळ करायचा नाही. वरून ऑर्डर आहे."

"शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, दादा. कातडं सैल पडतं. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येतो."

"मग दुसरं काहीतरी वाजवा," असं म्हणून तो पुढच्या तंबूकडे निघूनसुद्धा गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षं झाली त्या दिवसाला, पण ते 'दुसरं काहीतरी वाजवा' आठवलं की अजून कानशिलं तापतात. डिसेंबरातली दुपार होती. पुण्याबाहेर सातारा रस्त्याला लागून एक मोठं मैदान, स्टेजमागे कलाकारांचे तंबू, पुढे चार हजार माणूस, आणि पाच वाजता आमचं गाणं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी शौनककडे वळले. शौनक म्हणजे आमच्या 'घणाघात' बँडचा गिटारवाला आणि कारभारी. बँड त्याने काढलेला, गाडी त्याची, रेकॉर्डिंगची खोली त्याच्या घरातली.

"तू काही बोलणार आहेस का?"

तो तारा जुळवत होता. मान वर न करता म्हणाला, "कशाला ताण घेतेस? रेकॉर्ड केलेली हलगी आहेच ना ट्रॅकवर. लॅपटॉपवरून सोडू. आबाकाकांनी नुसते हात हलवायचे. लांबून कोणाला कळतंय?"

"नुसते हात हलवायचे?"

"अगं, सगळेच करतात."

"मग तूही नुसते हात हलव. तुझी गिटारही आहे की ट्रॅकवर!"

ड्रमवाला रुबेन फिस्सकन हसला. शौनक हसला नाही.

आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर हलगी, हलगीवर दोन्ही हात. धोतर पांढरंशुभ्र, डोक्यावर कोरी टोपी, खास या दिवसासाठी घेतलेली. ते हळूच म्हणाले, "म्याडम, ऱ्हाऊ द्या. पोरं म्हनत्यात तसं करू."

म्याडम. माझा जन्मदाता बाप मला म्याडम म्हणत होता, आणि त्या तंबूत हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

सांगते. आता लपवून काय करायचंय?

आमचं गाव विट्याच्या अलीकडे. आबा हलगी वाजवायचे. लग्नं, जत्रा, कुस्त्यांचं मैदान. आबांची हलगी कडाडली की हरत आलेला पैलवानही पुन्हा शड्डू ठोकायचा, असं गाव म्हणायचं. हलगी ऐकायला गाव पुढे; वाजवणारा मात्र जेवायला शेवटच्या पंगतीत, तेही मांडवाच्या कडेला. मी आमच्या मांगवाड्यातली पुण्याला शिकायला गेलेली पहिली मुलगी. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने विचारलं, "वायदंडे म्हणजे नक्की कोण गं?" मी सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली. बस, एवढंच. पण तोवर तिच्या डब्यातले लाडू माझ्यापर्यंत यायचे, ते थांबले.

गावात मी नंबर एकची भांडकुदळ. कोणी वाकडं बोललं तर त्याच्या सात पिढ्या काढणारी. पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. भांडायचं सोडून मी आडनावच गिळून टाकलं. पुढे बँडमध्ये आले तेव्हा पोस्टरवर 'मंजू डी.' लिहायला लावलं. बँडवाल्यांना वाटलं, स्टाइल आहे. मंजुळा धोंडिराम वायदंडे. त्या एका 'डी'मध्ये मी माझा अख्खा बाप कोंबला होता.

मी स्पॅनिश शिकत होते. शेवटच्या वर्षाला एक जुनं नाटक होतं, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. नदीकाठी एक म्हातारा पाणचक्कीवाला असतो. एका सरदाराचा मुलगा त्याच्या घरी फौजेसकट मुक्काम ठोकतो. वर्षभर त्याच्या पिठाची भाकर खातो, त्याच्या बिछान्यावर झोपतो आणि त्याला हाक मारतो ती 'ए चक्कीवाल्या' अशी. पुढे लढाईत तोच सरदारपुत्र शत्रूच्या हाती लागतो. फाशी ठरते. इलाख्यातल्या एका जरी माणसाने जामीन घेतला तर सुटका, अशी अट असते. चक्कीवाल्याला पुढे आणतात. "तू याला ओळखतोस?" म्हातारा म्हणतो, "मी ओळखतो. तो मला ओळखतो का, ते विचारा. माझं नाव सांगितलं तर आत्ता दोर कापतो." आणि सरदाराच्या त्या मुलाला नाव आठवत नाही. आठवायला आधी माहीत तर हवं!

ते वाचलं आणि मी बसल्या बैठकीला गाणं लिहिलं.

भाकर माझी खाल्लीस, सरदारा,
सावली माझी नेसलास, सरदारा,
दोर कापतो, गाठ सोडतो,
नाव सांग, माझं नाव सांग!

आमचं संगीत म्हणजे फोक मेटल. विजेच्या गिटारी, दोन्ही पायांनी बडवायचे ड्रम आणि त्यात आपल्या मातीतलं एखादं वाद्य. मी घशाच्या तळातून खरवडून काढलेल्या आवाजात गायची. आबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान टवकारून म्हणाले, "ह्यो आवाज तुज्या आज्जीचा. पान्यावरनं भांडन झालं की आसाच निघायचा." या गाण्याला ढोल लावून पाहिला, ताशा लावून पाहिला. काही जमेना. मला हलगीच पाहिजे होती, आणि हलगी म्हटलं की माझ्या कानात एकच माणूस वाजायचा.

रेकॉर्डिंगसाठी आबांना बोलावलं. स्वारगेटला उतरवून घेतलं आणि रिक्षात बसायच्या आधी, तिथेच रसवंतीच्या बाकड्यावर, मी ते बोलले. "आबा, तिथं मला पोरगी म्हणू नका."

"का गं?"

"बँडमध्ये तसं चालत नाही. घरची माणसं आणलेली आवडत नाहीत त्यांना." ही लोणकढी थाप मी डोळ्याला डोळा न भिडवता मारली.

आबांनी ग्लास खाली ठेवला. मिशी पुसली. "मंग काय म्हनू?"

"म्याडम म्हणा."

आबा हसले. मला वाटलं त्यांना गंमत वाटली. "बरं, म्याडम," म्हणाले, आणि त्या दिवसापासून पुण्याच्या हद्दीत त्यांनी मला एकदाही मंजे म्हटलं नाही.

शौनकच्या घरी हलगी शेकायची कुठे, हा प्रश्न आला. सहाव्या मजल्यावर जाळ कुठे करणार? शेवटी त्याच्या आईने स्वयंपाकघरातला गॅस दाखवला. आबा हलगी आचेवर गोल गोल फिरवत उभे राहिले, मधूनच बोटाने टिचकी मारून कान लावायचे. त्या बाई दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, "किती नाजूक काम आहे हो! आपलं नाव काय?"

आबांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले. "सगळे आबाच म्हणतात त्यांना. आमच्या गावाकडचे आहेत."

आबांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते पुन्हा आचेकडे बघू लागले.

पण वाजवलं काय त्यांनी! एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. पहिल्या ठोक्याला रुबेन उठून उभा राहिला. शौनकने कानावरचे हेडफोन काढले, पुन्हा घातले, आणि नुसता "बाप रे, बाप रे" करत बसला. गाणं बाहेर पडलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. सगळे लिहायचे ते एकच, "ती हलगी कोण वाजवतंय?" गाण्याखाली शौनकने लिहिलं होतं, 'हलगी : आबा'. मी ते वाचून दोन दिवस शौनकवर धुमसत होते. एवढ्या मोठ्या कलाकाराचं धड नाव लिहायची अक्कल नाही याला! उघडपणे मात्र काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता.

त्या दिवशी सकाळी मैदानाकडे येताना गाडीत आबांनी गाण्याचा अर्थ विचारला. मी चक्कीवाल्याची गोष्ट सांगितली. शौनक गाडी चालवत ऐकत होता. आबा म्हणाले, "मंग त्या चक्कीवाल्यानं आदीच नाव सांगायचं न्हाय का?"

"त्याला कोणी विचारलंच नाही, आबा."

"न्हाय इचारलं तर न्हाय इचारलं. त्यो काय मुका हुता? आपलं नाव आपुन हून सांगाय पायजे, म्याडम."

"क्या बात है, आबाकाका!" शौनक म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तर असं सगळं पोटात घेऊन मी त्या तंबूत उभी होते. पाचट कचऱ्यात, घड्याळ पुढे पळतंय, आणि शौनक म्हणतोय नुसते हात हलवा. ज्या माणसाच्या हलगीवर या गाण्याचा डोलारा उभा आहे, त्याने बुजगावण्यासारखं उभं राहायचं!

"आबा," मी म्हणाले, "गेटच्या बाहेर चहाची टपरी आहे. तिथे शेगडी असेल. जाऊन शेकून या. दहा मिनिटं लागतील."

"इस्तवाचं काम बेस्ट," म्हणून आबा उठले. जाताना टोपी नीट केली. पिशवी माझ्या खुर्चीखालीच राहिली. त्यांचा फोनही त्यातच.

साडेचार झाले. पावणेपाच झाले. आमच्या आधीचा बँड शेवटचं गाणं वाजवू लागला.

"आबाकाका आले नाहीत," रुबेन म्हणाला.

"येतील."

"मी ट्रॅक लावून ठेवतोय," शौनक म्हणाला. "आले तर ठीक, नाहीतर गाणं थांबणार नाही."

"तुला तेच पाहिजे होतं ना पहिल्यापासून? तुला हलगी पाहिजे, हलगीवाला नको!"

"मंजू, चार हजार लोक उभे आहेत बाहेर. तू आत्ता माझ्याशी भांडणारेस?"

"भांडणार! स्टेजवर जाऊनही भांडणार!"

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. पाय आपोआप पायऱ्या चढले.

स्टेज उंच होतं. ऊन तिरपं झालेलं, समोर नुसत्या माना आणि वर केलेले हात. मी माईक धरला आणि लोकांच्या डोक्यावरून पार शेवटी, गेटकडे नजर टाकली. लोखंडी कठड्याच्या पलीकडे मला ती टोपी दिसली. कोरी, पांढरी. टोपीशेजारी छातीशी धरलेली हलगी. पुढ्यात पिवळं जाकीट, हातात कागद. आबा काहीतरी सांगत होते, खिशातून कार्ड काढून दाखवत होते, आणि पिवळं जाकीट मान हलवत होतं. नाही. नाही.

मी शौनककडे बघितलं. त्याने लॅपटॉपचं बटण दाबलं.

आणि आबांची हलगी कडाडली. भोंग्यातून, एवढी मोठी, की पायाखालची फळी थरथरली. मी लांबून बघत होते. टोपी झर्रकन स्टेजकडे वळली. गर्दी खवळली. चार हजार लोक उड्या मारायला लागले आणि मला गेट दिसेनासं झालं.

इथे मी गाणं थांबवायला हवं होतं. एक हात वर केला असता तर रुबेन थांबला असता. माईक माझ्या हातात होता. 'गेटवरचा माणूस माझा बाप आहे, त्याला आत सोडा,' एवढंच बोलायचं होतं.

मी नाही थांबवलं. मी गायले. अशी गायले की तशी त्याआधी कधी गायले नव्हते. सगळा राग घशात आला होता. 'नाव सांग'ला मी शौनककडे बोट रोखून ओरडले. लोकांना वाटलं नाट्य आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या कडव्याला गर्दीत फट पडली तेव्हा कठड्यापाशी टोपी होती. तिसऱ्याला नव्हती.

गाणं संपलं. लोक 'पुन्हा, पुन्हा' ओरडत होते. मी माईक फेकला आणि मागच्या पायऱ्या धडाधड उतरले. शौनक पाठोपाठ आला. त्याला तंबूच्या दारातच धरलं.

"गेटवर अडवलं त्यांना! कार्ड दाखवत होते आबा, तरी आत सोडलं नाही! यादीत नाव नव्हतं त्यांचं!"

"काय?"

"लाज नाही वाटत? ज्या माणसाच्या जिवावर टाळ्या घेतोस, त्याचं नाव यादीत घालावंसं वाटलं नाही? गाण्याखाली काय, तर आबा! काका काय, आबाकाका काय! सहा महिन्यांत एकदा तरी विचारलंस का, की बाबा, तुमचं नाव काय? गाणं म्हणायला लागतोस नाव सांग म्हणून, आणि स्वतः कोण आहेस? तोच सरदाराचा पोरगा आहेस तू! नुसता खाणारा!"

तंबूतली बाकीची माणसं बघायला लागली. शौनकचा चेहरा लाल झाला. त्याने खिशातून फोन काढला, एक मेल शोधला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"यादी मी नाही दिली, मंजू. तू दिलीस. मी परीक्षेत होतो म्हणून तूच बँडच्या खात्यावरून मेल केलास आयोजकांना. वाच."

माझाच मेल होता. कलाकारांची नावं, ओळखपत्रावर आहेत तशी द्यावीत, असं वर आयोजकांनी लिहिलेलं. खाली मी लिहिलेली चार नावं, शौनकपासून माझ्यापर्यंत, आडनावासकट. तिथे मी माझं आडनाव लिहिलं होतं, कारण पाठवलेली यादी बँडमधलं कोणी उघडून वाचेल असं वाटलं नव्हतं. आणि पाचव्या ओळीत, 'आबा (हलगी)'. एका यादीत दोन वायदंडे आले असते तर आयोजकांपैकी कोणीतरी बोललं असतं. म्हणून बापाचं नाव गाळलं होतं मी. विचार करून, व्यवस्थित.

"आणि नाव विचारलं नाही म्हणतेस?" शौनक म्हणाला. "मी विचारलं होतं तुला. गाणं टाकायच्या दिवशी फोन करून विचारलं, नाव काय लिहू? तू म्हणालीस, आबा लिही. आईने विचारलं तेव्हाही तूच उत्तर दिलंस. मी चुकलो असेन, हात हलवा म्हणालो ते चुकलंच माझं. पण हे माझ्यावर ढकलू नकोस."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी खुर्चीखालची पिशवी उचलली आणि पळाले.

मैदानाच्या बाहेर हायवेला एसटीचा थांबा होता. पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा माणसं. आबा एका टोकाला उभे होते, हलगी उपरण्यात गुंडाळून काखेत धरलेली. मी धापा टाकत समोर गेले आणि पिशवी पुढे केली.

"आबा..."

"बोला, म्याडम."

"असं नका ना बोलू."

"का? पुन्याची हद्द संपली का?"

त्यांनी पिशवी घेतली नाही. मी कधी त्यांना माझ्यावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. लहानपणी मी शेजारच्या पोराचं डोकं फोडलं होतं तेव्हासुद्धा नाही.

"शेगडीवर झकास तापली हुती," ते म्हणाले. "टपरीवाला चांगला मानूस. धावत आलो. सकाळी तुमच्या गाडीतनं आलो तवा कुनी इचारलं न्हाय, आता गेटवाला म्हनला, नाव? म्हनलं, धोंडिराम. म्हनला, धोंडिराम न्हाई यादीत. म्हनलं, बग की नीट. मतदानाचं कार्ड दावलं. म्हनला, हितं आबा म्हून हाय कुनी. म्हनलं, मीच त्यो. म्हनला, आसं कुनीबी म्हनंल. मंजे, मी आपुन हून नाव सांगितलं. तीनदा सांगितलं."

"आबा, यादी..."

"आन मग आत माजी हलगी वाजाय लागली. मी भायेर हुबा, हलगी हातात, आन आत बी माजीच हलगी. त्यो गेटवाला हासला. म्हनला, बगा, हलगीवाला तर आतच हाय."

त्यांनी काखेतली हलगी सावरली.

"यादी कुनी केली?"

मला खोटं बोलता आलं असतं. शौनकचं नाव घेता आलं असतं. आबांनी विश्वास ठेवला असता.

"मी," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली, जणू हिशेब त्यांचा आधीच झाला होता. "म्याडम म्हनाय लावलंस तवा मला राग न्हाय आला. म्हनलं, पोरीची कायतर आडचन आसंल. पोरगी शिकतिया, निभावून न्यावं. पर आज तू वर हुबी हुतीस. मला बगितलंस. बगितलंस का न्हाय?"

"बघितलं."

"आन गात ऱ्हायलीस."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"काय गात हुतीस? नाव सांग, नाव सांग. लई वरडत हुतीस." ते एक पाऊल पुढे आले. "आता तू सांग. माजं नाव सांग."

"आबा, लोक..."

"आबा आळीतल्या पन्नास म्हाताऱ्यास्नी म्हनत्यात. नाव सांग."

थांब्यावरची माणसं वळून बघत होती. माझ्या मागे पावलं वाजली. शौनक आणि रुबेन धावत येऊन थबकले होते. माझी तीच दातखीळ पुन्हा बसू लागली, वसतिगृहातली.

"धोंडिराम रामा वायदंडे," मी पुटपुटले.

"भोंग्यावर एवड्याच आवाजात म्हनत हुतीस व्हय?"

तेव्हा कुठे माझा घसा सुटला. आज्जीचा आवाज आला, थेट पोटातून, माईक नाही, भोंगा नाही. "धोंडिराम रामा वायदंडे! मांगवाड्यातला हलगीवाला! माझा बाप आहे! आणि मी मंजुळा धोंडिराम वायदंडे!"

हायवेवरचा एक ट्रकवाला मान बाहेर काढून बघून गेला. शेडखालची एक बाई पोराला जवळ ओढून बसली. मागे रुबेनच्या तोंडून "येशू" एवढंच निघालं. शौनकने खाली घातलेली मान वर केली नाही.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली.

"आसं," म्हणाले. "ह्ये तिथं म्हनाय पायजे हुतं."

कऱ्हाडची बस आली. मी दांडीला हात घातला तर त्यांनी तो हळूच बाजूला केला. "तू ऱ्हा. तुजी मानसं हितं हायती." चढले, पलीकडच्या खिडकीला बसले. बस सुटेपर्यंत मला फक्त टोपीची मागची बाजू दिसत होती.

त्याच संध्याकाळी शौनकने गाण्याखालचं नाव बदललं. 'हलगी : धोंडिराम रामा वायदंडे'. माझ्या नावापुढचा 'डी.' मी काढून पूर्ण नाव लिहायला लावलं. पोस्टरं बदलली. मुलाखतींत आम्ही आबांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला लागलो. शौनक दोनदा गावी जाऊन आला, आबांच्या पाया पडला, पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. आबांनी त्याला पोटभर जेवायला घातलं, त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, आणि पुण्याला यायचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "कशाला? ट्रॅकवर हाय की."

मलाही तेच म्हणाले. प्रत्येक वेळी. घरी गेले की मंजे म्हणायचे, ताटात पहिली भाकर वाढायचे, पण पुण्याला कधी पाऊल ठेवलं नाही. गेल्या आषाढात आबा वारले.

गाणं मी अजून म्हणते. त्याशिवाय लोक आम्हाला स्टेजवरून उतरूच देत नाहीत. पहिल्या ठोक्याला आबांची हलगी भोंग्यातून कडाडते, समोर हजारो हात वर जातात, आणि शेवटच्या 'नाव सांग'ला अख्खं मैदान माझ्याबरोबर बोट रोखून ओरडतं.

त्यांना वाटतं, मी चक्कीवाल्याच्या बाजूने ओरडते आहे.